‘फिट’चा शिक्का

भोसरी-चाकणच्या कामगारांचे ‘फिट’ दाखले मी पाहतो. वजन, रक्तदाब, नजर सगळं असतं. कोलेस्टेरॉलचा आकडा शोधूनही सापडत नाही. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, दमवत नाही. रक्तवाहिन्यांत गुपचूप साचतं. आयसीएमआरच्या २०२३च्या देशव्यापी अहवालात ८१.२ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडलेलं निघालं. हृदयरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना २०२४पासून सांगते, पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी करा. नवी श्रमसंहिता मात्र मोफत तपासणीसाठी चाळिशी उलटायची वाट पाहते! मधली २२ वर्षं कुणाच्या भरवशावर?

तिशीतला पोरगा मशीनजवळ कोसळला की आपण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होतो. मर्जी त्याची, कबूल. पण न केलेली तपासणी आपली आहे. ती मागा. मालकाकडे मागा, ठेकेदाराकडेही मागा.