विश्लेषण : डोक्याच्या कामाचे तास कोण मोजणार?

लोअर परळमध्ये जिथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे आज काचेच्या इमारतींत संगणकासमोर काम चालते. भोंगा वाजला की गिरणी कामगाराची पाळी सुटायची. आताचे काम मात्र मोबाइलमधून घरी येते. श्रमांचे स्वरूप बदलले, ते मोजण्याची पद्धत जुनीच राहिली.

मानसिक श्रम म्हणजे काय?

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्ये ‘ज्ञान-कामगार’ ही संकल्पना मांडली. हातांच्या बळापेक्षा माहिती आणि निर्णयक्षमता वापरून काम करणारा, तो ज्ञान-कामगार. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रमां’कडे लक्ष वेधले. चिडलेल्या प्रवाशासमोर हसतमुख राहणे हाही हवाई सेविकेच्या कामाचाच भाग असतो. आज हे श्रम केवळ आयटी कंपन्यांत नाहीत. बँक कर्मचारी, कॉल सेंटरमधील तरुण, शिक्षक, सगळेच ते करतात. आशा सेविकेला तर घरोघरी पायपीट केल्यावर माहितीही भरावी लागते.

कायदा काय सांगतो?

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू नाही.

मग अडचण कुठे?

कायदा हजेरी मोजतो. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘सकाळपर्यंत आकडेवारी पाठवा’ असा निरोप येतो, त्याची हजेरीपटावर नोंद होत नाही. उत्तर दोन ओळींचे असते, पण त्यापायी झोप उडते. त्याचा जादा मोबदला कोणी मागत नाही आणि देतही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. चर्चा झाली ती या एका तासाची. न मोजलेले तास बाजूलाच राहिले.

इतर देशांत काय?

फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाची वेळ संपल्यावर आलेल्या संपर्काला प्रतिसाद न देण्याचा हक्क आहे. नकार अवाजवी नसावा, एवढीच अट. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही.

मार्ग कोणता?

परदेशी ग्राहकांची कामे रात्रीच करावी लागतात, हा उद्योगांचा युक्तिवाद खोटा नाही. पण मग ते तास आधी ठरवावेत आणि त्यांचे पैसे द्यावेत. केवळ ‘मॅनेजर’ हे पदनाम देऊन कायद्यातून सुटका होऊ नये. सुरुवात सरकारने स्वतःच्या घरापासून करावी. शिक्षक आणि आशा सेविकांना रात्री माहिती मागणारे निरोप पाठवू नयेत, एवढा आदेश काढायला नवा कायदा लागत नाही. लोखंडेंनी मिळवून दिलेला रविवार कॅलेंडरवर अजून आहे. तो फोनवरही पाळला जायला हवा.