पोरांची कार्डं जप्त करू नका, त्यांना अकलोलीची कार्डं बनवू द्या

पोस्ट थोडी लांबली आहे, पण गावातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

सध्या पोरांना पोकेमॉनसारख्या कार्डांचं वेड लागलंय. आपल्या भागातल्या एका शाळेत ती दप्तरं तपासून काढून घेतली. पालकांची तक्रार खोटी नाही. बंद पाकिटात काय निघेल ते माहीत नसतं. एका दुर्मिळ कार्डासाठी पोरं खाऊचे पैसे पाकिटामागून पाकिटात घालतात. हे लॉटरीच्याच जातीचं आहे, तिथे मीही पालकांच्या बाजूने आहे.

पण त्याच जप्तीत काही पोरांनी घरी बनवलेली कार्डंही गेली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने काढलेली. माझा राग आहे तो यावर. विकत घेणं आणि बनवणं, दोन्हींना एकच शिक्षा?

बनवायला डोकं लागतं हो. कार्डावर राक्षस काढला आणि ताकद लिहिली 5000, की समोरचा लगेच म्हणतो, 'मग खेळायचं कशाला?' मग भांडण, मग तडजोड: ताकद जास्त तर ते कार्ड टाकायला किंमतही जास्त, आणि एखादी कमजोरी हवीच. 1993 साली 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ बनवणारा रिचर्ड गारफिल्ड गणितातला माणूस. त्याच्या खेळाचा पायाही हाच, ताकदीला किंमत. आपली पोरं तिथवर स्वतःच पोचतात.

आणि हे परकं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी सावंतवाडीची गंजिफा बघावी. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे 120 पत्ते. गंमत अशी की पाच रंगांत दहाचा पत्ता मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डावाची सुरुवात रामाकडून, रात्री कृष्णाकडून. ही कला मरायला टेकली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्याने चितारी कारागिरांना हाताशी धरून जगवली. 'देवाला पत्त्यावर आणता?' या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. पूर्वजांनी देव पत्त्यावर आणले आणि मानही ठेवला. तरी कोणाला वज्रेश्वरी आईचं कार्ड खटकत असेल, तर नको काढायला. विषय कमी आहेत का?

गरम पाण्याची कुंडं घ्या. राक्षसांच्या रक्ताने हे पाणी तापलं ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. याहून मोठी फँटसी कोणती? वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेला नवस, 1739 चा विजय आणि त्यानंतर बांधलेलं किल्ल्यासारखं देऊळ आहे. तानसा नदी आहे. पाड्यावरच्या पोरांकडे वारली चित्रकला घरातलीच आहे. कार्डावरची वारली त्यांच्या हातची असावी आणि मागे त्यांचं नाव असावं, इंटरनेटवरून उचललेली नको.

माझं म्हणणं साधं आहे. विकतची पाकिटं शाळेबाहेर ठेवा, हरकत नाही. पण शनिवारी एक तास, पुठ्ठा, कात्री आणि रंग द्या. प्रत्येक पोराने गावातली एक गोष्ट निवडायची, आजीआजोबांना विचारून माहिती काढायची आणि कार्डावर तीन गोष्टी लिहायच्या: ताकद, किंमत, कमजोरी. खर्च जवळपास शून्य. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर सुट्टीत एक स्पर्धाही होईल.

खरी परीक्षा मात्र आपली, मोठ्यांची आहे. कुंडाच्या कार्डावर कमजोरी म्हणून पोरं काय लिहितील? साबणाची पाकिटं, टाकून दिलेले कपडे, प्लास्टिक. तानसेच्या कार्डावर काय लिहितील, तेही आपल्याला ठाऊक आहे. पोरं खोटं लिहिणार नाहीत. ती कार्डं पुढच्या ग्रामसभेत टेबलावर मांडू आणि एकेक कमजोरी कोण खोडून दाखवतो ते बघू.

कोण कोण तयार आहे? पुठ्ठा आणि रंग माझ्याकडून.