खवीस कोणाच्या बाजूने?

भुतांना जात असते आणि धर्मही असतो, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मुंज झाल्यावर, पण लग्नाआधी वारलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. ज्याच्या मागे कोणी वारस नाही तो समंध होतो. आणि मुसलमानाचे भूत? ते खवीस. शब्द अरबीतल्या 'खबीस'वरून आलेला. अर्थ नीच, नापाक. म्हणजे बाकीच्यांना भूत व्हायला काही तरी दुःख लागते, मुसलमानाला नावातच शिवी मिळते.

हे आज लिहिण्याचे कारण एक खेळ आहे. आमच्या भोरमधली काही शाळकरी मुले सुट्टीत कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात आणि वार लागला की हुकला हे फासा ठरवतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, त्याच घराण्यातला हा खेळ. मुलांनी तो वेल्ह्यात आणला. राजगडाच्या माच्या आल्या, तोरण्यावरचे मेंगाईचे देऊळ आले. त्या देवळात रात्री मुक्काम करणाऱ्याला भूत छळते, ही गोष्ट ट्रेकर मंडळी पुण्यापर्यंत नेतात. मग इथल्या मुलांनी का सोडावी? मला हे फार आवडले.

मग मी त्यांची भुताखेतांची यादी पाहिली. मुंजाला पिंपळावर घर होते आणि लग्नाचा हट्ट होता. हडळ आपले बाळ शोधत होती. वेताळ कोडी घालत होता. खवीसापुढे एकच ओळ होती: दिसताच मारा, ५० गुण. यादी करणाऱ्यांत दोन मुले मुसलमान होती. त्यांनाही त्यात काही खटकले नव्हते.

काही शहाण्यांनी सुचवले, वाद कशाला, खवीस काढून टाका. मी या शहाणपणाच्या विरुद्ध आहे. कागदावरून खोडल्याने खवीस पारावरच्या गप्पांतून जात नाही. मुलांना मात्र एवढे कळते की गोष्टीत आपण एक तर मार खायला असतो, नाही तर नसतोच.

दुसरी हरकत आपल्याच घरातून येते: जिन्न, भूत हे खेळायचे विषय नाहीत, यापासून लांब राहा. या बुजुर्गांचा मी आदर करते, पण एक विचारते. कुरआनातली ७२ वी सूरह कोणाच्या नावाची आहे? जिन्नांच्या. तिथे जिन्न कुरआन ऐकतात, ईमान आणतात आणि आमच्यात नेकही आहेत आणि तसे नसलेलेही आहेत, असे स्वतः सांगतात. सूरह नम्लमध्ये इफ्रीत हजरत सुलेमानांच्या दरबारात उभा राहून मलिकेचे तख्त आणून देण्याची तयारी दाखवतो. जन्माने बद ठरलेली जमात, ही कल्पना आपली नाही. आणि खेळ-किस्से आपल्याला परके कधी होते? 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८०च्या दशकात लखनौला मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून निघू लागली. छापणारा हिंदू, दास्तान अमीर हमजाची. जादूगार, देव, परी, अय्यार, सगळ्यांना तिच्यात जागा होती.

अमेरिकन खेळाने हीच गोष्ट उशिरा शिकली. त्याच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे, जिन्न आणि इफ्रीत आहेत, अरबी 'ग़ूल'वरून घेतलेले भूतही आहे. प्रत्येकापुढे स्वभावाचा रकाना. जमात कळली की स्वभाव कळला. कंपनीने ऑर्क आणि ड्राउ या जमातींना जन्मजात दुष्ट दाखवणार नाही असे जाहीर केले ते २०२० साली, आणि २०२४च्या नियमांत तर 'रेस' हा शब्दच बदलला. त्यांना ४६ वर्षे लागली. आपण तेवढी थांबायची गरज नाही.

मग कोणाला जागा द्यायची? माझ्या कसोट्या तीन. पहिली: ज्याला आज कोणी हात जोडते, त्याला गुणांसाठी मारू नये. वेशीवरचा म्हसोबा शेजाऱ्यांचा देव आहे. वेताळ तर आरवलीला वेतोबा होऊन देवळात उभा आहे, लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. असे गोष्टीत जरूर असावेत, शिकार म्हणून नसावेत. दुसरी: भुताला भूत कोणी केले, हे खेळात विचारता आले पाहिजे. हडळीला तलवार मारून गुण मिळवण्याआधी ती बाई बाळंतपणात का मेली, सुईण किंवा दवाखाना किती लांब होता, हे डोंगरातल्या मुलांनी विचारावे. त्यांना उत्तर ठाऊक असते. तिसरी: त्याला मरण्याखेरीज दुसरे काही करता आले पाहिजे. ज्याला ते येत नाही ते नेमबाजीचे निशाण झाले.

ड्रॅगन परदेशी म्हणून हाकलू नका. तो या तीन कसोट्यांवर उतरला तर राहू दे.

आणि खवीस राहिलाच पाहिजे. त्याला नाव द्या, गाव द्या, मागे राहिलेली आई द्या. वरंध घाटात एखादा खवीस वाटसरूला लुटेल, दुसरा धुक्यात चुकलेल्याला भोरच्या रस्त्याला आणून सोडेल. तो कोण निघेल हे यादी करतानाच ठरवू नका. बाकीच्यांसाठी जो फासा टाकता, तोच त्याच्यासाठीही टाका.