भाषेच्या वादात राहून गेलेली मुले

आपल्या मंडळाच्या बैठकीत दहावीच्या निकालाचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तो भाषेवर येऊन थांबतो. मराठी शिक्षकांच्या जागा, मराठी पाठ्यपुस्तके, २०१५ च्या कायद्याने पहिली ते दहावी टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली कन्नड. या विषयांवरच्या निवेदनांवर मीही सह्या केल्या आहेत आणि पुढेही करीन. पण आज जे लिहायचे आहे ते या निवेदनांत कधी आलेच नाही. भाषेच्या नावाखाली ते झाकले गेले, आणि झाकणाऱ्यांत मीही होतो.

माझा पुतण्या आपल्याच तालुक्यात कन्नड माध्यमात शिकला. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण दोष एकट्या शाळेचा नव्हता. तो आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी त्याचे खाते आमच्या शाखेत उघडले. नमुन्याच्या तीन सह्या घेतल्या, तिन्ही वेगळ्या. एकीत आडनावातले एक अक्षर गाळलेले, दुसरीत दोन अक्षरांची अदलाबदल. पुढे पैसे काढायला आला तेव्हा स्लिपवर चौथ्याच तऱ्हेची सही. ‘सही जुळत नाही’ असे म्हणून मीच ती स्लिप परत केली आणि संध्याकाळी अण्णांच्या घरी जाऊन सांगितले, की पोरगा निष्काळजी आहे, रोज दोन पाने शुद्धलेखन काढून घ्या. अण्णांनी घेतले, दोन वर्षे. काही वेळा हातावर छडीही बसली.

हाच मुलगा उसाच्या ट्रॉलीचे वजन, टनाचा भाव आणि तोडणीची उचल वजा जाता किती राहिले, हे तोंडी सांगायचा. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्याचा आकडा तयार असे. वर्गात धडा वाचून दाखवला तर त्याला सगळा आठवायचा. फक्त कागद पुढे आला की अडायचे.

शाळेचे म्हणणे, ‘तुम्ही घरी मराठी बोलता, म्हणून त्याला कन्नड लिहिता येत नाही.’ आमचे म्हणणे, ‘शाळा कन्नड, पोराला समजणार कसे?’ शाळेने दोष आमच्या भाषेला दिला, आम्ही शाळेच्या भाषेला. दोन्हीकडे कारण तयार असल्यामुळे मुलाकडे नीट बघायची गरज कोणालाच वाटली नाही. त्याला मराठी तरी वाचता येते का, हा साधा प्रश्नही घरात कुणी विचारला नाही. येत नव्हते. आरतीचे पुस्तक हातात दिले तर तो पाठ असलेले म्हणायचा आणि पान उलटायचे विसरायचा.

कन्नड माध्यमातल्या आपल्या मुलाला कन्नड, इंग्रजी आणि बहुधा हिंदी अशा तीन भाषा लागतात, म्हणजे तीन लिप्या. साधारण मुलाला हे झेपते. आपल्या जुन्या घरांत तर त्याचा अभिमानच आहे. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, दप्तर मोडीत लिहायचे आणि बाजारात कन्नड बोलायचे. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेल्या घरात लिहिता न येणारा मुलगा निघाला, की ती गोष्ट दारातल्या पाहुण्यालाही कळू नये असे वाटते. आम्हालाही तसेच वाटले.

२०१९ च्या एसएसएलसीत तो गणित आणि इंग्रजीत नापास झाला. जूनच्या पुरवणी परीक्षेत पुन्हा. २०२० साली पुन्हा बसला, इंग्रजी राहिलेच. मग ट्रॅक्टरवर गेला.

आता दुसरी बाजू. माझी बहीण अक्कलकोटला दिलेली आहे. तो तालुका आपल्या तालुक्याला लागून, माणसे तीच, बोली तीच, फक्त राज्य दुसरे. तिचा मुलगा माझ्या पुतण्याच्याच वयाचा आणि अगदी त्याच वळणाचा, तोंडी हुशार आणि वहीत कच्चा. पण त्याचे घरही मराठी आणि शाळाही मराठी. त्यामुळे भाषेवर ढकलायला जागा नव्हती आणि त्याच्या बाईंनी पुढे चौकशी केली. सोलापूरला तपासणी झाली, अध्ययन अक्षमता निघाली. डिसलेक्सिया हा शब्द आपण त्याच वेळी पहिल्यांदा ऐकला. त्याने २०१९ लाच दहावी दिली. जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापले नाहीत, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेता आले. महाराष्ट्राच्या मंडळाने अशा सवलती १९९६ पासून देण्यास सुरुवात केली आहे. भाचा पास झाला, आयटीआय केले, आज सोलापुरात वायरमनचे काम करतो.

यावर आपल्याकडे लगेच उत्तर येते, ‘म्हणूनच तर म्हणतो, महाराष्ट्रात असतो तर!’ मलाही आधी तेच सुचले होते. पण चौकशी केली तेव्हा कळले की कर्नाटकातल्या मुलाचा हक्क तेव्हाही कागदावर होता.

१९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता हे त्यांत आले. या कायद्याचे १७ वे कलम आपल्या प्रत्येक वाचकाने एकदा तरी वाचावे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जादा वेळेचा हिशेब केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ताशी किमान २० मिनिटे धरला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. एसएसएलसीचे वेळापत्रक आपण दरवर्षी पाहतो. त्यात गणिताच्या दिवशी समाजशास्त्र आणि विज्ञानाच्या दिवशी राज्यशास्त्र, संगीत असे विषय छापलेले असतात. आपल्या शाळांत हे शिकवत नाहीत, मग छापतात कशाला, असे मला वाटायचे. त्या ओळी दिव्यांग मुलांच्या पर्यायी विषयांसाठी आहेत.

लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागतेच, असाही एक समज आहे. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात तो मोडून काढला. हात आखडल्यामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात सांगितले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिक मिळण्यासाठी ती लावता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या.

हक्क होता, मग पुतण्याला का मिळाला नाही? कारण कोणी मागितला नाही. शाळेतून मंडळाकडे जो नॉमिनल रोल जातो, त्यात मुलाच्या शारीरिक स्थितीचा रकाना असतो. पुतण्याच्या नावापुढे तिथे ‘नॉर्मल’ लिहिले गेले. नववीतच तपासणी होऊन कागद हातात असता तर तिथे दुसरे काही लिहिता आले असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून हे होत नाही.

तपासणीच्या बाबतीत आपली खरी अडचण भाषेचीच आहे, पण आपण समजतो तशी नाही. मूल घरी मराठी आणि शाळेत कन्नड, तर त्याची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची? एकाच भाषेत घेतली तर ‘दुसरी भाषा म्हणून कच्चा’ हा शेरा पुन्हा येणार. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली ‘डाली’ नावाचा चाचणीसंच काढला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत, जणू आपल्या सीमाभागासाठीच बेतला आहे. दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय आपल्या मुलांचा निष्कर्ष काढू नये, ही मागणी आपण करू शकतो आणि ती करायला आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही.

आता एक नाजूक मुद्दा. भालकी, औराद, बसवकल्याणकडच्या मराठी शाळांत दुसरी भाषा कन्नड असते. तिथल्या विशेष मुलासाठी १७ वे कलम वापरायचे म्हटले तर सूट कन्नडमधून मागावी लागेल. हे ऐकताच आपल्यातल्या काहींचे डोळे चमकतील आणि कन्नड संघटनांचे कान टवकारतील. दोघांनाही माझी विनंती आहे, की या मुलांना झेंड्याची काठी करू नका. ही सूट प्रमाणपत्र असलेल्या मुलासाठी आहे, ती सक्तीविरुद्धच्या आपल्या जुन्या मागणीला जोडली तर दोन्ही बुडतील. आणि सूट लेखी परीक्षेतून आहे, भाषेतून नाही. माझा पुतण्या बस स्टँडवर, वजनकाट्यावर, पोलीस चौकीत माझ्यापेक्षा चांगले कन्नड बोलतो.

‘परीक्षा सगळ्यांना सारखी हवी, नाहीतर प्रमाणपत्राला किंमत काय राहील?’ असे मंडळातले एक निवृत्त मुख्याध्यापक मला म्हणाले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आमच्या बँकांच्या भरतीच्या परीक्षेतही दिव्यांग उमेदवाराला ताशी २० मिनिटे जादा मिळतात, आणि त्याने कोणत्याही शाखेची लेजर चुकलेली नाही. शिवाय २०२१ साली कोविडमुळे आपल्या सरकारने सगळ्यांचीच एसएसएलसी बदलली. १९ आणि २२ जुलै अशा दोन दिवसांत सहाही विषय, पर्याय निवडून गोल काळे करायचे, आणि जवळजवळ सगळेच पास. परिस्थिती तशी होती म्हणून परीक्षा बदलली, ते योग्यच झाले. काही मुलांची परिस्थिती दरवर्षीच तशी असते. (पुतण्याने त्या वर्षी फॉर्मच भरला नव्हता. तीनदा तोंडघशी पडलेल्या पोराला चौथ्यांदा भर म्हणायचे धाडस घरात कोणाला झाले नाही.)

आपल्यापैकी काहींची मुले कॅलिफोर्नियात आहेत. तिथेही २००६ च्या तुकडीपासून शाळा सोडताना एक सक्तीची परीक्षा आली. विशेष मुलांच्या वतीने त्याआधीच, २००१ पासून कोर्टात भांडण सुरू झाले होते. २०१५ साली कायदा करून ती परीक्षा थांबवली आणि केवळ तिच्यामुळे अडकून राहिलेल्यांना मागाहून डिप्लोमा दिला. आपल्याकडे परीक्षा थांबवा असे मी म्हणणार नाही. आमच्या बँकेत शिपायाच्या जागेलाही दहावी पास लागते, तो कागद हवाच.

२०२५ च्या पहिल्या परीक्षेत कलबुर्गी जिल्ह्याचा निकाल ४२.४३ टक्के लागला, राज्यात सर्वांत खाली. दक्षिण कन्नड ९१ टक्क्यांवर होता. निम्म्याहून जास्त मुले जिथे नापास होतात, तिथे त्यांतला कोण अभ्यास न करणारा आणि कोण वाचूच न शकणारा, हे कोण बघणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने पास होण्याची मर्यादा ३५ वरून ३३ टक्के केली. त्याने काही मुले वर येतील, पण कागदावरची अक्षरेच ज्याला लागत नाहीत त्याला त्या दोन टक्क्यांचा काय उपयोग?

मंडळाने या कामाला पैसा घालायची गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवी-नववीतल्या ज्या मुलांचे तोंडी आणि लेखी जमत नाही, त्यांच्या घरी दोन माणसांनी जाऊन बसावे. शिक्षण खात्याच्या तालुका संसाधन केंद्रात विशेष मुलांसाठी नेमलेले शिक्षक असतात, त्यांची गाठ घालून द्यावी. लेखनिकाची यादी आधी करावी. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे नववीतला मुलगा आणि त्याचे स्वतःचे पेपरही त्याच सुमारास. कोणते आईबाप तयार होतील? आपल्याच घरांतून विचारावे लागेल. आणि खोट्या प्रमाणपत्रासाठी कोणी मंडळाची ओळख सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अशी एक विचारणा माझ्याकडे आतापर्यंत आलेली आहे, मुलगा क्लासला ऐंशी टक्के मिळवणारा होता.

पुतण्याला मी गेल्या महिन्यात विचारले, खाजगी विद्यार्थी म्हणून पुन्हा बसतोस का? ट्रॅक्टरचे चाक काढता काढता तो म्हणाला, ‘काका, आधी तो कागद आणा. मग बघू.’ अठरा वर्षांनंतरची तपासणी शेवटची धरतात, म्हणजे एकदाच जावे लागेल. पुढच्या मंगळवारची रजा मी टाकली आहे. सकाळच्या गाडीने दोघे कलबुर्गीला जाणार आहोत. त्याच्या जुन्या सह्यांचे ते कार्ड मिळते का, तेही शाखेत शोधतो आहे. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.