घर पाहावं... नुसतंच पाहावं

आमच्या वाचनालयाने वास्तू घ्यायची ठरवली त्याला चार वर्षं झाली. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही बांधलं नाही, घेतलंही नाही. पाहतो मात्र दर रविवारी. सकाळी नऊला कोपऱ्यावर जमायचं, अमृततुल्यात चहा घ्यायचा आणि तीन रिक्षांतून निघायचं. रिक्षावाल्यांना वाटतं, मंडळी मुलगी पाहायला निघालीत.

गरज तशी साधी आहे. पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही आहोत. मालक बिल्डरशी बोलतो आहे आणि पावसाळ्यात कादंबऱ्यांच्या कपाटावर प्लॅस्टिक अंथरावं लागतं. (माझ्या कादंबऱ्यांवर ते बाराही महिने असतं, पण तो विषय वेगळा.) तीन कोरड्या खोल्या मिळाल्या तरी पुरे. पण पहिल्याच सभेत 'खोल्या' गळाल्या आणि 'वास्तू' आली. दुसऱ्या सभेत तिला 'भव्य' लागलं. तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी शनिवारवाड्याचं नाव काढलं. १७३० साली पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या आगीत गेला, तट आणि दरवाजा तेवढा उरला. आपल्या शिलकीत दरवाजाची कडी बसेल, असं खजिनदार या नात्याने मी म्हणालो. ते इतिवृत्तात आलं नाही.

पहिलं स्थळ वाड्याचंच. सागवानी खांब, चौक, मधोमध हौद, आणि किंमत अपेक्षेपेक्षा कमी! चिटणीसबाई उद्घाटनाची रांगोळी कुठे काढायची ते ठरवू लागल्या. बँकेत तारणाच्या मालमत्ता पाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. स्वस्त वाडा दिसला की मी खांब पाहत नाही, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या मोजतो. सात होत्या, म्हणजे सात भाडेकरू. मालक बदलला म्हणून भाडेकरू हलत नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी असतो. म्हणजे आम्ही घरमालक झालो असतो आणि पुस्तकं रस्त्यावर.

दुसरं एक बंद पडलेलं सिनेमागृह. अध्यक्षांनी पडद्यापुढे उभं राहून 'बंधुभगिनींनो' म्हणून पाहिलं. आवाज घुमला. तेव्हापासून त्यांचं मन तिथेच आहे. तिसरी इमारत एका धर्मादाय संस्थेची. ती विकायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ती मागितलीसुद्धा नव्हती, बयाणा मात्र लगेच हवा होता.

चौथ्या स्थळाने मात्र मला खरोखर राग आला. एक सज्जन अर्धी किंमत द्यायला तयार. अट एवढीच, की त्यांच्या वडिलांचं नाव वर आणि वाचनालयाचं खाली. तळमजल्यावर लग्नामुंजींना द्यायचं सभागृह, पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चौतीस. चढून गेलो तेव्हा कार्यकारिणीतले चौघेच वर पोचले. उरलेल्यांनी खालूनच पसंती कळवली!

आणि या चार वर्षांत नवीन पुस्तकं किती घेतली? एकही नाही. वर्गणी वास्तुनिधीत, देणग्या वास्तुनिधीत. एका निवृत्त शिक्षिकेने मृत्युपत्रात 'मुलांच्या पुस्तकांसाठी' म्हणून ठेवलेली रक्कमही तिकडे वळवायचा ठराव आला होता. मी सही केली नाही, म्हणून काही मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं. त्याच्या नावात ग्रंथ आहेत, संगमरवर नाही. हेही इतिवृत्तात आलं नाही.

परवाच्या रविवारी आम्ही पाचवं स्थळ पाहून परतलो. एक्याऐंशी वर्षांच्या एक काकू रोज येतात, त्या भिंग लावून पेपर वाचत बसल्या होत्या.

"मिळाली का हो जागा?"

"पाहतोय, काकू."

"पाहा, पाहा. तोवर या खिडकीजवळची ट्यूब तेवढी बदला. दिवाळीपासून गेलीय."

दुपारी मी स्वतः जाऊन ट्यूब आणली. चिटणीसबाईंनी विचारलं, खर्च कुठल्या खात्यात टाकायचा?

म्हटलं, वास्तुनिधीत टाका.