मनाच्या वैद्यालाही मर्यादा हवी

शरीराचा आजार चारचौघांत सांगता येतो. मनाचा आजार उंबरठ्याआड ठेवला जातो. सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत तर माणसे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. झोप उडालेली विद्यार्थिनी किंवा कर्जाने खचलेला शेतकरी समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा तो घराची अब्रूच त्याच्या हाती सोपवत असतो. ती तेथून बाहेर फुटली, तर दाद कोठे मागायची?

याचे उत्तर समोरची व्यक्ती कोण आहे, यावर अवलंबून आहे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असल्याने महाराष्ट्र वैद्यक परिषदेला उत्तरदायी असतो. गैरवर्तन सिद्ध झाल्यास परिषद त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञावर १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेचा अंकुश आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि त्याला साखळदंडाने बांधण्यास बंदी केली. २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांत जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, त्या कलंकाची स्मृती या तरतुदीमागे आहे.

प्रश्न उरतो तो अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुकान थाटणाऱ्या समुपदेशकाचा. त्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसेल, तर ते काढणार कोठून? समुपदेशकांना नियमनाखाली आणणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला. परंतु त्याखालील परिषदा स्थापण्यात राज्यांनी इतकी दिरंगाई केली की, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीचे निर्देश द्यावे लागले.

शिस्तीचा हा आग्रह पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला नाही. चरकसंहितेने मनाला अहितापासून आवरणाऱ्या ‘सत्त्वावजय’ चिकित्सेला स्वतंत्र स्थान दिले. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, अशी आज्ञा त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्यकाच्या शिष्याला दिली आहे. त्या काळी गुरूचा धाक होता. आज ते काम परिषदेने करायचे आहे.

अर्थात, धीर देणारे शिक्षक, कीर्तनकार वा शेजारची आजी यांना परवान्याच्या कक्षेत ओढण्याचे कारण नाही. शुल्क घेऊन उपचाराचा दावा करणाऱ्याला मात्र उत्तरदायित्व टाळता येणार नाही. त्याचबरोबर, तक्रारीसाठी आपलेच गुपित चव्हाट्यावर मांडावे लागणार असेल, तर कोणतेही कुटुंब पुढे येणार नाही. म्हणून तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवून सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी.

शासनाने आपले काम करावेच. कुटुंबांनीही डोळस राहावे. सोने घेताना हॉलमार्क पाहणाऱ्या घराने मुलाचे मन एखाद्याच्या हाती देण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? प्रामाणिक तज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्या दारातून मागे फिरणेच हिताचे.