एच-१बी व्हिसाचे नवे नियम : मोजमाप पैशाचे की माणसाचे?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९ सप्टेंबर २०२५ रोजी आदेश काढून, देशाबाहेरून बोलाविल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे मालकाने १ लाख डॉलर भरावेत, असे ठरविले. डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीची पद्धतही बदलण्यात आली. या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. २०२४ च्या आर्थिक वर्षातील मंजुरींपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांना मिळाल्या. त्यामुळे पेण-रोहा परिसरातील रामवाडीसारख्या गावी, जेथे मुलगा अभियंता झाला की परदेशाचा विचार सुरू होतो, तेथेही हा प्रश्न घरचाच आहे.

सुधारणेमागील तक्रार निराधार नाही. स्वस्त मनुष्यबळासाठी या व्हिसाचा वापर होत आला आहे. म्हणून नव्या सोडतीत सर्वोच्च वेतनस्तरावरील उमेदवाराचे नाव चार वेळा व सर्वांत खालच्या स्तरावरील उमेदवाराचे एकदाच धरणे, यात काही न्याय आहे. मात्र त्याची झळ नवशिक्यांना बसते.

१ लाख डॉलरच्या शुल्काचे तसे समर्थन करता येत नाही. त्याने कोणाचेही वेतन वाढत नाही. अमेरिकेतच शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे राहून व्हिसा बदलल्यास हे शुल्क लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. म्हणजे लोणेरे येथील विद्यापीठातून गुणवत्तेवर उत्तीर्ण झालेला गरीब मुलगा बाहेर राहणार आणि ज्याच्या वडिलांना जमीन गहाण ठेवता येते, तो आत जाणार!

मूळ दुखण्याला तर हातच लागलेला नाही. नोकरी सुटली की साधारणतः ६० दिवसांत नवा मालक वा अन्य मार्ग शोधावा लागतो. ग्रीन कार्डासाठी प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. असा परावलंबी कामगार अन्यायाविरुद्ध बोलणार कसा?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात कामासाठी देश सोडण्याचा माणसाचा हक्क मान्य केला, स्थलांतराने मायदेशाचे नुकसान होते हेही सांगितले आणि परक्या कामगाराला हक्कांत उणे लेखू नये, असे बजावले. या कसोटीवर हे नियम अपुरे ठरतात.

पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे : हे शुल्क मालकाने भरावयाचे आहे, ते उमेदवाराकडे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. आणि केवळ व्हिसाच्या आशेवर घरदार कर्जात घालू नये.